पगार धरायचा की नाही

"तुमचा पगार मध्ये येतोय," कारकून बाई म्हणाल्या आणि त्यांनी मोफत वकिलासाठीचा अर्ज परत सरकवला.

तिला काही कळेना. गुन्हा नवऱ्यावर दाखल झालेला, वकील त्याला हवा, आणि आडवा आला तिचा पगार! तोही हॉस्पिटलच्या लाँड्रीतला, वीस तारखेलाच धापा टाकणारा.

"नवराबायकोची कमाई एकत्र धरतात," बाईंनी तिसऱ्यांदा समजावलं. "एकट्या त्यांची धरली असती तर सरकारी खर्चानं वकील मिळाला असता. तुमची मिळवली की मर्यादा ओलांडते."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. तो व्हॅन चालवायचा. महिन्यापूर्वी सकाळी बायकोला कामावर सोडायला निघाला असताना चौकात एक झाडूवाली व्हॅनखाली आली. तिचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. सिग्नल हिरवा होता, तीच मध्ये धावली, असं हा सांगत होता. झाडूवाली नेमकं उलट सांगत होती. रस्त्यावर तिसरं कोणी नव्हतं. बायको शेजारच्या सीटवर होती, पण तिला डुलकी लागली होती. तसं तिनं पोलिसांना सांगितलं होतं आणि नवऱ्यालाही. आता वकिलाशिवाय कोर्टात उभं राहायचं म्हणजे तुरुंग ठरलेला.

"काहीतरी मार्ग काढा ना, ताई," तो काकुळतीला आला.

बाईंनी नियमांचे कागद चाळले. "पत्नी याच खटल्यात विरुद्ध बाजूची साक्षीदार असेल, तर तिचा पगार धरत नाहीत. तेवढी एकच सूट आहे."

आता मात्र तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. नवऱ्याच्या बाजूनं उभं राहिलं तर त्याला वकील नाही, आणि विरुद्ध गेलं तर फुकट! असले नियम कोणाच्या सुपीक डोक्यातून निघतात, देव जाणे.

नवऱ्याचा चेहरा मात्र उजळला. "मग आहेच की ही साक्षीदार! गाडीतच होती. लिही गं."

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही. झोपलेल्या माणसाच्या साक्षीला कोण विचारतंय? वकील तर पदरात पडेल!"

"नुसतं नाव घालून भागणार नाही," बाई म्हणाल्या. "काय पाहिलंत ते इथे लिहून सही करा. ते कोर्टात जातं."

"लिही, लिही, सुचेल ते लिही," म्हणत तो दाराशी गेला आणि भावाला फोन लावला. "काम फत्ते!" असं तो मोठ्यानं सांगत होता.

ती पेन धरून बसली. महिनाभर झाडूवाली तिच्याच हॉस्पिटलात होती. झाडूवालीच्या वॉर्डातल्या चादरी रोज तिच्याच हातातून जायच्या, आणि डाग दिसला की ही कोणाची, या विचारानं तिचे हात थांबायचे. नवऱ्यावर तिचा जीव होता, तिथंच तर सगळं अडलं होतं. त्याला वकील मिळायला हवा, हे तिला मनापासून वाटत होतं. तिनं दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि मान खाली घातली.

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग शिक्का मारला.

"मिळाला का वकील?" तो हसत परत आला.

"मिळाला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला.

'सिग्नल लाल होता. मी जागी होते, डोळे धडक बसल्यावर मिटले.'