कबुलीचे एकवीस दिवस

"झाडू लंब्या दांड्याचा द्या मॅडम, कंबर धरते," दयाराम म्हणाला.

शिल्पा मॅडमना हसू आलं. त्या हिंदी मुलखातल्या सुपेल्याच्या सरकारी दवाखान्यात क्लार्क होत्या, आणि कोर्टाने धाडलेल्या या माणसाची हजेरी घ्यायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. शिक्षा भोगायला आलेला माणूस झाडू निवडून घेतो, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

नव्या कायद्याची मेहरबानी. पहिलाच गुन्हा, पाच हजारांच्या आतली चोरी आणि माल परत; म्हणून जजसाहेबांनी तुरुंगाऐवजी एकवीस दिवस समाजसेवा दिली होती. धर्मेंद्रच्या मोबाईल दुरुस्तीच्या ठेल्यावरून दयारामने एक जुना फोन उचलला, एवढाच काय तो गुन्हा. स्टील प्लांटमध्ये चाळीस वर्षं काढून एक नटसुद्धा घरी न आणलेला माणूस म्हातारपणी फोन चोरतो, यावर सेक्टर दोनमध्ये कुणाचाच विश्वास बसत नव्हता. चघळत मात्र सगळेच होते.

फोन दयारामने चोरलाच नव्हता. त्या दिवशी तो आणि त्याचा मुलगा कौस्तुभ असे दोघे मिळून ठेल्यावर मोबाईलला नवी काच बसवायला गेले होते. संध्याकाळी कौस्तुभ मित्राकडे म्हणून बाहेर पडला, उशिरा परतला आणि न जेवताच झोपला. सकाळी दयारामने पेन शोधायला त्याची बॅग उघडली, तर टॉवेलच्या घडीत तो फोन. फोन हातात घेऊन तो उभाच होता, तोवर खाली जीप थांबली.

"दयाराम कौन है?" हवालदाराने दारातूनच विचारलं.

कौस्तुभ मागे भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. रेल्वे भरतीच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं, पोलीस व्हेरिफिकेशन तेवढं बाकी होतं. नावावर एक केस लागली की तीन वर्षांची मेहनत मातीत. दयारामने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, की यांनी नाव आपलं घेतलं, पोराचं नाही.

"मैंने लिया था," तो म्हणाला, आणि त्याने फोन पुढे केला.

कोर्टात त्याने कागद वाचूनसुद्धा घेतले नाहीत. फोरमनने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही ठोकायची, ही चाळीस वर्षांची सवय. कबूल म्हणाला आणि मोकळा झाला.

खरी गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नाही. रमाने भजनाला जाणं सोडलं होतं. चहा ठेवता ठेवता ती एकदम रडायला लागायची.

"कावून केलं जी तुम्ही असं? फोन पाहिजे होता, त मले सांगाचं होतं!"

"चूक झाली, रमा."

याहून जास्त तो बोलत नसे. बायकोच्या नजरेतून उतरणं त्याला फार लागलं. पण पोराचं आयुष्य उभं राहत असेल, तर तेही सोसायची त्याची तयारी होती.

दवाखान्याच्या फाटकाशी झाडताना रोज कुणीतरी ओळखीचं भेटायचं. एक दिवस प्लांटमधला जुना सोबती नरेश औषधाची चिठ्ठी घेऊन आला आणि थबकलाच.

"अबे दयाराम, याच्यापेक्षा जेल परवडली असती रे तुले. तिथं भिंती तरी असतात."

"तिथं इतकी मोकळी हवा भेटली नसती," दयाराम म्हणाला, आणि वाळका पाला टोपलीत भरत राहिला.

कौस्तुभ रोज सकाळी त्याला मोटारसायकलवर सोडायचा, तेही दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात. नजरेला नजर देत नसे.

"बाबा, टिफिन में दही है, गिराना मत," एवढंच बोलायचा आणि गाडी वळवायचा.

पोरगा आतून जळून राहिला आहे, असं दयारामला वाटायचं. त्याला उपकाराची भाषा नको होती. मुलाने एकदा तोंडाने म्हणावं, बाबा, मले समजलं, बस. त्या एका वाक्यासाठी तो दिवस मोजत होता. रात्री पडल्या पडल्याही त्याचे कान कौस्तुभच्या खोलीकडे असायचे.

अठराव्या दिवशी व्हेरिफिकेशन पार पडल्याचं कळलं आणि नेमणुकीचं पत्रही हातात पडलं. कौस्तुभ पत्र घेऊन आला, वाकला आणि बापाच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.

"बाबा, माफ कर दो. बहुत गलत हो गया मेरे से."

"कायची माफी रे बेटा?" दयारामने त्याला उठवून छातीशी धरलं. "बाप कायले असते मंग?"

रमा दारात उभी राहून पाहत होती. तिला काही उलगडलं नाही. दयारामला मात्र जे हवं होतं ते मिळालं. उरलेले तीन दिवस त्याने फाटकापासून रस्त्यापर्यंत, कुणी न सांगता, जास्तीचं झाडून काढलं.

एकविसाव्या दिवशी शिल्पा मॅडमनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहाही सांगितला. शिक्षा पूर्ण झाल्याचा अहवाल लिहायला त्यांनी कोर्टाकडून केसच्या कागदांची नक्कल मागवली होती. ती चाळता चाळता त्या मध्येच थांबल्या.

"काका, घरी सगळं ठीक आहे ना तुमच्या?"

"एकदम मस्त, मॅडम. पोरगा रेल्वेत लागला. सोमवारी चालला जॉईन कराले."

मॅडमनी कागद त्याच्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दयारामने चष्मा चढवला, आणि जन्मात पहिल्यांदाच एखादा सरकारी कागद सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचला. "गवाह क्रमांक एक, कौस्तुभ दयाराम निखाडे. मेरे पिताजी ने मेरे सामने फोन उठाकर जेब में डाला. मैंने मना किया, वे नहीं माने." पोलिसांनी घेतलेल्या या जबानीखाली वेळ होती रात्री साडेआठची, आणि तारीख जीप दारात आली त्याच्या आदल्या दिवसाची.