दोष भांड्याचा

पाणी म्हणजे जीवन, असं पाणी खात्याच्या कचेरीत भिंतभर रंगवलेलं होतं. त्याच्याखाली एक नळ होता आणि नळावर चिठ्ठी होती: पिण्यासाठी नाही.

त्या चिठ्ठीसमोरच्या बाकावर लाँड्रीवाली दिवसभर बसून राहिली, तेव्हा कुठे मुख्य अभियंत्यांनी तिला आत बोलावलं. तिने गल्लीचं गाऱ्हाणं मांडलं. जमिनीखालचा पाइप गंजून फुटलाय, त्यात गटार झिरपतंय, पांढरे शर्ट धुतले की चहात बुचकळल्यासारखे निघतात आणि नवरा कावीळ होऊन अंथरुणाला खिळलाय. थोडक्यात, शर्ट आणि नवरा, दोन्ही पिवळे.

साहेबांनी बाटलीबंद पाण्याचा घोट घेतला आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाई, दोष आमच्या नळात नाही, तुमच्या भांड्यांत आहे. घासत जा जरा."

कारकून हसले. लाँड्रीवाली उठून घरी आली आणि हे वाक्य तिने जसंच्या तसं सासूबाईंच्या कानावर घातलं. सासूबाई ओट्यापाशी पातेल्यात तुरटी फिरवत होत्या. त्या घरात तुरटी फिरवून, उकळून, फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी कुणाच्या ओठाला लागत नसे. सासूबाईंचा मुलगा तेवढा लाँड्रीच्या दुकानातल्या नळाला ओंजळ लावायचा, त्याचं फळ तो भोगत होता. भांडी तर अशी, की त्यांत बघून भांग पाडावा.

"आपल्या भांड्यांत?" सासूबाईंनी एवढंच विचारलं. त्यानंतर दोन दिवस त्या घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिल्या.

सुनेचा राग बोलका होता. इस्त्री फिरवताना तिला प्रत्येक कॉलरच्या आत साहेबांची मान दिसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, वहिनी, हल्ली कॉलर फार कडक बसते हो.

साहेबांची एक ख्याती होती. दरवर्षी खात्याच्या मेळाव्यात ते व्यासपीठावर पेलाभर नळाचं पाणी पीत, मिशा पुसत आणि टाळ्या घेत. नळ कुठला, हे कुणी विचारत नसे. यंदा लाँड्रीवालीने विचारलं, आणि तेही पेपरवाल्याच्या तोंडून. पेपरवाल्याचे शर्ट तिच्याकडेच येत. पिवळ्या कॉलरचं दुःख त्यालाही होतं. साहेबांनी लाँड्रीच्या गल्लीतलं पाणी पिऊन दाखवावं, असं पेपरात छापून आलं. साहेब कात्रीत सापडले, पण चारचौघांत मागे हटणार कसे? बोलून बसले: आणा. नुसता वास जरी आला, तर गल्लीचा पाइप मुळापासून बदलून देतो. नाही आला, तर तक्रार कायमची बंद.

"साहेबाला काही झालं म्हणजे?" नवऱ्याने अंथरुणातून विचारलं.

"मरत नाही तो," ती म्हणाली. "चार दिवस टमरेल घेऊन पळाला, की माझं मन निवेल. आणि पहिला घोट त्याने सगळ्यांदेखत थुंकायला हवा."

मेळाव्याच्या दिवशी सकाळी नळाला पहिली धार आली, तीच मुळी गढूळ आणि कुजक्या वासाची. तिने ती सासूबाईंच्या स्टीलच्या बरणीत भक्तिभावाने धरली.

"माझी बरणी कुणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"साहेबांना. व्यासपीठावर ठेवणार आहेत."

"त्याच साहेबाच्या पुढ्यात? सगळ्या गावासमोर?"

"त्याच."

सासूबाईंनी बरणी एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळली. सून झाकण लावून गल्लीतले दोन साक्षीदार आणायला गेली. एकाची दाढी व्हायची होती, दुसऱ्याचा चहा. ती परतली तेव्हा उन्हं वर आली होती आणि बरणी ओट्यावर जागच्या जागी होती. साक्षीदारांदेखत तिने झाकणावर फडकं बांधलं, गाठीवर लाख ओतून मोहोर केली. उघडून वास घ्यायची गरज नव्हती. तो तिला पाठ होता.

सभागृह गच्च भरलं होतं. साहेबांनी लाख फोडली, झाकण काढलं, पेला भरला. पेला त्यांनी नाकापासून जरा लांबच धरला. लाँड्रीवालीने ते पाहिलं आणि मनात जपून ठेवलं. साहेबांनी डोळे मिटून घोट घेतला.

मग डोळे उघडले. मग पेला संपवला. मग दुसरा भरला.

"गोड आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं.

पेला पेपरवाल्याकडे गेला, साक्षीदारांकडे गेला. साक्षीदारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आणखी थोडं मागून घेतलं. शेवटी पेला तिच्याकडे आला. पाणी नितळ होतं. चव कुठेतरी ओळखीची वाटली, पण रागात चवीचं काय कळतं? टाळ्यांच्या कडकडाटात गल्लीची तक्रार कायमची बंद झाली.

घरी येताना वाटभर तिच्या डोक्यात एकच चक्र. लाख शाबूत, गाठ शाबूत, मग खात्याचा माणूस घुसला कुठून? साक्षीदारच फितूर असणार. त्यांचे कपडे यापुढे धुवायचे नाहीत, किंवा मग धुवायचेच, आपल्या पद्धतीने, हे तिने चौकातच ठरवलं.

सासूबाई दारात वाट बघत उभ्या होत्या.

"प्याला?"

"दोन पेले."

"भांड्याला काही बोलला?"

"नाही."

"बोलेल कसा?" सासूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. "बरणी दोनदा घासली आणि रात्री उकळून निववलेलं पाणी भरलं. तुझं ते घाण पाणी मी मोरीत ओतलं."