फक्कीच्या भिंती

"पार्किंगच्या नकाशातली तळमजल्यावरची दुकानं खोडा, तिथंही गाड्याच लावू," पालिकेच्या साहेबांनी बजावलं होतं. मग पाडलेल्या मंडईतल्या भाजीवाल्यांनी जायचं कुठं? आर्किटेक्ट सानिका हट्टाला पेटली. पाहणीच्या दिवशी तिनं त्या मोकळ्या जागेवर पार्किंगची अख्खी इमारत पांढऱ्या फक्कीनं आखली आणि रस्त्याकडेच्या दुकानांत भाजीवाल्यांना टोपल्यांसकट बसवलं.

दहापर्यंत तिथं जत्रा भरली. गिऱ्हाईकं रेघांमधल्या दारांतून शिस्तीत आत-बाहेर करत होती. सानिकाला हसू आवरेना.

साहेब आले, ते थेट रेघ ओलांडून आत.

"अहो साहेब, भिंतीतनं काय येताय?" भाजीवाल्या गोदाक्का कडाडल्या. "दार तिकडं हाय!"

साहेब ओशाळून मागं फिरले, वळसा घालून दारापाशी आले. नसलेलं शटर डोक्याला लागू नये म्हणून चांगले कमरेत वाकले आणि म्हणाले, "मेथी कशी दिली, अक्का?"