बिनस्पीकरचा मॉनिटर

बायको गेली हे त्याला कळलं, तेव्हा शेजारीण त्याचा खांदा गदागदा हलवत होती. त्याच्या कानांवर हेडफोन होते. रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं, हेच त्याचं काम. छातीत कळ आल्यावर बायकोने स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका भिंतीपलीकडच्या शेजारणीला ऐकू गेल्या, त्याला नाही.

मॉनिटर घेताना ती म्हणाली होती, "अहो, स्पीकरवाला घ्या. कान मोकळे राहतील, माझी हाक तरी पोचेल."

"त्यातला आवाज म्हणजे डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. उगाच लोढणं कशाला?" असं म्हणून त्याने बिनस्पीकरचा आणला.

महिन्याभराने, भर दुपारी, मॉनिटरमधून आवाज आला. "अहो."

त्याला भीती नाही, नवल वाटलं. त्याने वायरी काढल्या, प्लगही काढला. हाक येतच राहिली. शेवटी त्याने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढून आत टॉर्च मारला.

"काका, यात स्पीकर नाहीच. आणि असून काय उपयोग? नुसता पत्रा वाजतो."

तेवढ्यात उघड्या मॉनिटरमधून हाक आली. डब्यात तोंड घालून मारल्यासारखी, पण स्पष्ट.

दुरुस्तीवाल्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो हळूच म्हणाला, "काका, तुम्हालाच बोलावताहेत."

झाकण अजून टेबलावरच आहे. हाक रोज येते, रोज थोडी जवळून.

त्याने अजून ओ दिलेली नाही.