त्यांच्या पश्चात

रंगमंचावरच्या रेडिओने मॅलकी हेशनच्या निधनाची बातमी दिली, तेव्हा मॅलकी हेशन तिसऱ्या रांगेत बसून पेपरमिंट चघळत होता.

आधी त्याला वाटलं, आपल्याच कानांचा काहीतरी घोळ झालाय. पण नाव त्याचंच होतं आणि गावही त्याचंच. "ड्रमनाशीचे मॅलकी हेशन यांचं राहत्या घरी शांतपणे निधन झालं," रेडिओतला सभ्य आवाज सांगत होता. शेजारी बसलेल्या, गावच्या पोस्टातल्या नोरीनबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि नाडी बघावी तसं दाबलं.

"मॅलकी, हे तुझंच की रे."

"मला कळतंय ते."

शनिवारचा दुपारचा खेळ होता. डब्लिनच्या त्या जुन्या, मानाच्या नाट्यगृहात नव्या नाटकांचा हंगाम चालू होता आणि त्यातलं हे नाटक क्लीनाचं, म्हणजे मॅलकीच्या वारलेल्या बहिणीच्या मुलीचं. मग काय, फादरांसकट अर्धं ड्रमनाशी हॅमची सँडविचं बांधून घेऊन बसने आलं होतं. नाटकात तुझ्यासारखा एक माणूस आहे, असं क्लीनाने मामाला फोनवर सांगितलं होतं.

"नाव काय ठेवलंस त्याचं?"

"बघशीलच ना मामा."

तिकिटंही तिनेच वाटली. मॅलकीला तिसऱ्या रांगेत आणि लॉरीला चौथ्या, नेमकं त्याच्या मागे. लॉरी हा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. आईला पुरलं त्याच दिवशी गुरांच्या पाणवठ्यावरून दोघांचं वाजलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. रविवारी दोघे एकाच वाटेने चर्चला जातात, मध्ये शेताएवढं अंतर ठेवून. नाटक सुरू झाल्यापासून मॅलकीने चुकूनही मान वळवली नव्हती.

"त्यांच्या पश्चात," रेडिओ म्हणाला, आणि मॅलकीच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढे काय येणार, ते त्याला माहीत होतं. ते त्यानेच सांगितलेलं होतं. नाताळात क्लीनाच्या घरी, पोटात दोन पेग गेल्यावर, तो म्हणाला होता, मी गेल्याची बातमी रेडिओवर देशील तेव्हा लॉरीचं नाव घालायचं नाही. घातलंस तर भूत होऊन तुझ्या मानगुटीवर बसेन. ती म्हणाली, "मामा, चहा घे." त्याला वाटलं, पोरगी विसरली. लिहिणाऱ्या पोरी असलं काही विसरत नसतात.

"...भाची क्लीना, शेजारी आणि मित्रपरिवार आहे."

बस. तेवढंच.

ड्रमनाशीत सकाळची रेडिओवरची निधनवार्ता लोक पुढ्यातला चहा गार करून ऐकतात. मेलं कोण हे एक वेळ निसटेल, पण मागे राहिलेल्यांत कोणाचं नाव घेतलं आणि कोणाचं गाळलं, हे कोणाच्याही कानांतून सुटत नाही. ज्याचं गाळलं, त्याच्याशी कबरीपाशी सांत्वनाचा हात मिळवावा की नाही, अशी लोकांची पंचाईत होते. आता गावकऱ्यांच्या त्या दोन-तीन रांगांची तीच गत झाली. कोणीतरी छातीवर क्रुसाची खूण केली. फादर उगाचच खोकले.

मॅलकीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. नाताळात बोलताना ते वाक्य त्याला मोठं झोकदार वाटलं होतं. चारचौघांत ऐकल्यावर ते इतकं कोतं वाटलं की त्याचे कान तापले. त्याने क्लीनाला शोधलं. ती कडेच्या खुर्चीत बसली होती आणि रंगमंचाकडे बघतच नव्हती. ती बघत होती दोन्ही मामांकडे.

मागे खुर्ची खाडकन मिटली. लॉरी उभा राहिला होता.

"आणि भाऊ?" तो थेट रंगमंचाला म्हणाला. "त्याला एक भाऊ आहे. भावाचं राहिलं."

रंगमंचावर पाव कापत असलेल्या नटीचा हात थांबला. तिने रेडिओकडे पाहिलं, प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, सुरी खाली ठेवून ती स्टुलावर बसली.

"खाली बस, लॉरी," मॅलकी म्हणाला. आपण भावाशी बोललो, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. मान अजून समोरच होती. "मी अजून गेलेलो नाही."

"ते दिसतंय मला. आंधळा नाही मी. नाव कोणी गाळलं? पोरीने?"

हो म्हणणं सोपं होतं. शेवटी नाटक तिचं, वाक्यंही तिने लिहिलेली. क्लीनानेही नाही म्हटलं नसतं. मॅलकीने तोंडातली पेपरमिंट गिळून टाकली.

"नाही. मी गाळलं."

आता मानेवर फटका बसणार म्हणून मॅलकीने खांदे आवळले. लहानपणापासून लॉरीचा हात जड. पण फटका आला नाही. खुर्ची कुरकुरली, लॉरी बसला, आणि त्याचा आवाज अगदी कानाशी आला. त्यात राग नव्हता. आपलं काहीतरी गणित चुकलं असावं, तसा तो आवाज होता.

"माझी बातमी मी शवपेटीवाल्या ब्रेननला सांगून ठेवलीय," लॉरी म्हणाला. "तिच्यात तुझं नाव आहे. पहिलंच."