पढवलेलं

गड्ड्याच्या जत्रेत, आकाशपाळण्यापाशी, अनवरीच्या हातून पाच वर्षांच्या समराचा हात सुटला. जरा वेळानं भोंग्यावर पुकारा झाला, "समरा नावाची मुलगी पोलीस चौकीत आहे. आईवडिलांनी आधार कार्ड घेऊन यावं."

अनवरी चौकीकडं धावली आणि दाराआधीच थबकली. सरहद्द चोरून ओलांडून आलेल्या बाईकडं कसलं कार्ड! गेल्याच महिन्यात पोलिसांनी गल्लीतून अशाच एकीला उचलून नेलं होतं, कडेवरच्या लेकरासकट. अनवरी चौकीभोवती नुसत्या घिरट्या घालत राहिली. पण आतून समराचं रडणं कानावर आलं आणि तिला राहवेना. जे व्हायचं ते होऊ दे म्हणत ती आत शिरली.

"माझी हाय ओ ती. कार्ड न्हाय आणलं..."

"ऱ्हाऊ द्या ताई, लेकरानं वळखलं की झालं," हवालदारबाई हसून म्हणाली. तिनं समराला जवळ ओढलं. "ही तुझी अम्मी ना गं?"

समरानं डोळे पुसले. खाकी वर्दीकडं पाहिलं, मग अम्मीकडं.

"न्हाय. मी हिला वळखत न्हाय."

आपल्याला नेलं तरी लेकरू मागं राहावं, म्हणून अनवरीनं तिला रोज झोपताना पढवलं होतं, अगदी तसंच.