एकतिसावं पान

काकूंनी वही टेबलावर ठेवली, पण वरचा हात काढला नाही.

"छापायच्या आधी एकतिसावं पान बघ. मग ठरव, छापायची की जाळायची."

समोरची प्राध्यापिका ही काकूंच्या यजमानांची, म्हणजे सरांची, शेवटची विद्यार्थिनी. काकू तिला शेंडेफळ म्हणत, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी ते नाव तिला चिकटलेलंच होतं. सरांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं गणितातलं सगळं संशोधन एका ग्रंथात आणायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि सरांची ही खोलीही. सरांची खुर्ची मात्र तिने खिडकीशी सरकवून ठेवली होती. तिच्यावर कोणी बसत नसे.

"काय आहे एकतिसाव्या पानावर?"

"माझं पाप," काकू म्हणाल्या.

लग्नाला दुसरं वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. सर एक आकडा देत आणि एक नियम. नियमात आकडा घातला की पुढचा आकडा निघे. तो पुन्हा नियमात घालायचा, एका ओळीत एक आकडा. दशांशचिन्हापुढे नऊ आकडे ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. दांडा फिरवून आकडेमोड करायचं यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर असे आणि दांडा काकूंच्या हातात. चाळीस पानं त्यांनी अशी केली, आणि हौसेने केली. एकतिसाव्या पानावर दूध उतू गेलं. त्या धावल्या, आणि परत येऊन शेवटचे दोन आकडे उलटे लिहून बसल्या. चौऱ्याहत्तरच्या जागी सत्तेचाळीस. लक्षात आलं तोवर वही संपली होती. आठव्या-नवव्या घरातल्या आकड्यांनी कोणाचं काय अडतंय, असं म्हणून त्यांनी ती तशीच सरांना दिली.

"आणि मग ह्यांनीच जगाला सांगितलं, त्याने काय अडतं ते," काकू म्हणाल्या. "फरक ओळीगणिक दुप्पट होत जातो आणि बघता बघता सगळं गिळतो म्हणे. मी पहिल्या रांगेत बसले होते."

त्यानंतर अडतीस वर्षं प्रत्येक सत्काराला त्या जीव मुठीत धरून बसल्या. मागून कोणी खाकरलं तरी दचकायच्या. आता कोणीतरी उठेल आणि म्हणेल, ती पहिली वही दाखवा. घरातही सर कधी लिहिता लिहिता थांबले, मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, की त्यांना वाटे, आज कळलं. तोंडातून मात्र त्यांनी ब्र काढला नव्हता.

शेंडेफळाने पहिला आकडा, नियम आणि नऊ घरांची अट संगणकात घातली. पडद्यावर आकड्यांची रांग उतरली. तिने बोट ठेवून वही पडताळायला सुरुवात केली. एक पान, दहा पानं, तीस पानं.

"काकू, तीस पानांत एक आकडा चुकला नाही तुमचा!"

"पुढे बघ."

एकतिसाव्या पानावर, अकराव्या ओळीत, पडद्यावर चौऱ्याहत्तर आणि वहीत सत्तेचाळीस. खालच्या ओळी अजून जवळजवळ सारख्याच होत्या. तिने पान उलटलं. तिथे मात्र थोड्याच ओळींत दोन्ही रांगांनी एकमेकींची ओळखच सोडली होती.

"गेलं ना सगळं?" काकूंनी विचारलं.

शेंडेफळाने वही उचलली. ती खिडकीच्या उजेडात गेली. त्या सत्तेचाळीसखाली पेन्सिलीची एक बारीक रेघ होती. समासात एक तारीख होती, आणि तारखेखाली सरांच्या मुंगीएवढ्या अक्षरात दोन शब्द: 'एवढ्याशाने एवढं?'

दर वर्षी पहिल्या तासाला सर फळ्यावर हेच दोन शब्द लिहीत. तिचा चेहरा उजळला.

"काकू, अहो, ही चूक कसली! सरांचं सगळं काम इथून निघालंय. हे बघा, त्यांना सापडली होती ती. तेव्हाच!"

काकूंनी चष्मा लावला. आधी तारीख वाचली. मग शेवटच्या पानावर त्यांनी स्वतः टाकलेली तारीख पाहिली. मध्ये फक्त चार दिवस होते.

पाचव्या दिवशी सरांनी यंत्र स्वयंपाकघरातून उचललं होतं, ते त्यांना स्पष्ट आठवलं. "तू दमतेस," एवढंच म्हणाले होते. त्यानंतर काकूंच्या हाती एकही आकडा आला नाही. आणि प्रत्येक सत्कारात ते पहिल्या रांगेकडे बघून सांगायचे, हिने घर सांभाळलं म्हणून मी इथवर आलो.

"माहीत होतं त्यांना," काकू हळूच म्हणाल्या.

"हो ना! प्रस्तावनेत तुमचं नाव घालते मी, अगदी पहिल्या ओळीत."

"हे गेल्यावर आता कोणाला दाखवू ते नाव?"

त्या उठल्या. खिडकीजवळची खुर्ची त्यांनी फरफटत टेबलापाशी आणली आणि तिच्यावर बसल्या. शेंडेफळाने अडवायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. काकूंनी पर्समधून पेन काढलं, सत्तेचाळीसवर काट मारली आणि शेजारी चौऱ्याहत्तर लिहिलं. मग टेबलावरचा कोरा कागद ओढला.

"काकू, पुढचं सगळं आहे इथे पडद्यावर. कशाला त्रास घेताय?"

"तो पडदा तिकडे फिरव," काकू म्हणाल्या. "माझं मला बघू दे, दूध उतू गेलं नसतं तर मी कुठे गेले असते."

आणि त्यांनी बारावी ओळ मांडायला घेतली.